सर्किटच्या पाट्या कापाच्या तं बांगड्या कोनी घालाच्या

मले भेव लागते. हे पयलेच सांगून ठेवते, नाईतं पुढचं आयकून कोनाले वाटन का ही बाई मोठी हिंमतीची असन. नाई जी. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. मिक्सर लावते तं झाकन दोन्ही हातानं दाबते आनि डोये बंद करते. आनि माह्याच घरात, जिथं माही पोरगी रांगते त्या खोलीच्या पुढच्या टिनाखाली, एक लोखंडाचं टेबल आलं, ज्याच्या मधातल्या फटीतून गोल दातेरी पातं वर निंगते आनि गरगर फिरते.

पोरीचे बाबा झटका मशीन बनवते. अकोल्याच्या बाहेर, पातूर रोडच्या अंगानं आमचं घर हाये, दोन खोल्या आनि पुढं टिनाचं शेड, शेडात त्यायचं काम. झटका मशीन म्हंजे शेताभोवतीच्या तारेले बॅटरीचा झटका देनारा डब्बा. रोही म्हंजे नीलगाय आली, रानडुक्कर आलं, तारेले नाक लावलं का झटका बसते आनि ते पयते, मरत नाई. त्या डब्ब्यात सर्किटची हिरवी पाटी असते. पाट्या छापून येतात त्या मोठ्याच्या मोठ्या येतात, शंकरपाये कापाच्या आधी पोळीवर रेघा माराव्या तशा त्याच्यावर रेघा असतात, आनि रेघेरेघेनं कापून एक एक बारकी पाटी येगयी करा लागते. हे कापाचं काम अमरावतीचा एक मानूस करून देत होता. त्यानं धंदा बंद केला आनि ह्यायले म्हनलं, मशीनच घेऊन जा ना बाप्पा.

मी म्हनलं मीबी येते. काहून का ह्यायले एकट्याले पाठवलं तं हे फक्त चांगलं चांगलं आयकून येतात.

पोरगी कमरेवर घेऊन मी त्या दुकानात उभी राह्यली. त्या मान्सानं मशीनवर हात ठेवला, जशी म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी थाप मारली, आनि म्हने, "लय गुनाची हाये वहिनी. पूरी जिंदगी हिच्यावर रोटी खाल्ली. कधी तरास नाई देल्ला."

मी पाह्यलं तं त्या हाताले बोटं कमी.

"भाऊ, हे बोटं?"

"हे?" त्यानं हात उलटा-पालटा करून पाह्यला, जसं त्यालेच आत्ता समजलं. "हे मशीनची गलती नाई वहिनी. हे माही."

मंग त्यानं मले एक एक बोट सांगतलं. जे नव्हते ते. अंगठ्याजवयचं गेलं ते हातमोज्यापाई. त्याले वाटे मोजा घातला तं हात वाचते, पन पात्यानं मोज्याचा धागा धरला आनि मोज्यासंग हात वढला. "म्हनून मोजा नाई, अंगठी नाई, ढिली बाही नाई, दुपट्टा नाई. अंगावर काही म्हंजे काही लटकलं नाई पायजे." मधलं अर्धं गेलं ते बटन बंद केल्यावर. बटन बंद होतं पन पातं फिरूनच राह्यलं होतं, आनि हा बारका तुकडा उचलाले गेला. "बंद केलं का हात खाली सोडाचे. पातं पुरं थांबलं, दाते मोजता आले, मंगच हात घालाचा." आनि करंगळी?

"करंगळीच्या टायमाले बायकोनं आवाज देल्ला. मी मांगं पाह्यलं."

आतून बायकोचा आवाज आला, "चहा घ्या म्हनलं होतं मी! काही वाईट नव्हतं म्हनलं!"

"चहाच म्हनलं होतं," तो म्हने. "मुद्दा हा हाये वहिनी, पातं फिरत असलं तं मान नाई फिरवाची. देव आला तरी त्याले म्हनाचं, बस जरासक."

पाटी काचेच्या बारीक धाग्याची असते हेबी त्यानंच सांगतलं. कापली का भुकटी उडते, ती डोयात गेली तं डोये जातात आनि छातीत गेली तं निंगत नाई. तोंडाले चांगला मास्क, डोयाले चष्मा, काम झाल्यावर झाडू नाई माराचा, ओल्या फडक्यानं पुसाचं, आनि लेकराले तिथं आनाचंच नाई. मी पोरीचं तोंड पदरात घातलं, मशीन बंद होती तरी.

पोरीचे बाबा म्हने, "गॅरंटी किती सालाची?"

त्यानं हात वर करून दाखवला. आता ते दोन साल होते का पाच, आमाले काही समजलं नाई, आनि इचाराले बरं नाई दिसत म्हनून आमी दोघंबी हो म्हनलं.

टेम्पोत मशीन, पुढं ड्रायव्हरजवय आमी. मूर्तिजापूरपरेंत मी ह्यायच्या हाताकडंच पाहून राह्यली होती. दहाच्या दहा. धडधाकट, केसायवाले, नखात काळं बसेल. एवढे चांगले बोटं मी लग्नात पाह्यलेच नव्हते.

घरी आलो तं सासू दारात आरतीचं ताट घेऊन उभी. नवीन चीज घरात आली का पूजा झाल्याबिगर तिले हात नाई लावाचा, फटफटी आली तवा तिच्या चाकाखाली लिंबू, फ्रिज आला तवा त्याच्यावर कुंकवाचा सातिया. हिची तं वटीच भरली. टेबलावर खन, नारय, तांदूय. पात्याले सासूनं न्याहाळून पाह्यलं, म्हने, "हे तं देवीचं शस्त्रच होय वं," आनि कुंकू पान्यात कालवून कालवून, एकेका दात्याले बोटानं टिकली लावली. दात्याले! मी म्हनलं, आई, प्लग काढेल हाये ना पाहा. ती म्हने, "मी पूजा करून राह्यली, मशीन काहून लागन मले?"

कुंकू वाळू द्या, पुसून घ्या, असं कोनालेच सुचलं नाई. मलेबी नाई. नारय फुटला, ह्यायनं प्लग लावला, जय म्हनलं आनि बटन दाबलं.

लाल! एकदम लाल! ह्यायच्या तोंडावर, सदऱ्यावर, दोन्ही हातावर, टिनाले, सासूच्या पांढऱ्या केसाले. मी जी किंचायली तं रस्त्यावरचं एक कुत्रं पयून गेलं. ह्यायनं आपल्या हाताकडं पाह्यलं, हात लाल, बोटाच्या जागी नुसतं लालच लाल, आनि ह्यायनं मशीनचं बटन तेवढं बंद केलं आनि सतरंजी घडी घालावी तसे खाली बसले आनि आडवे झाले.

मी त्यायचा हात धरून बोटं चाचपून राह्यली, आनि बोटंच सापडेना, निसटून राह्यली, वल्ल्या कुंकवानं. सासू म्हने, "कुंकू हाये वं ते! माह्यंच कुंकू!" तरी मी पान्याचा तांब्या वतला तवाच मले पटलं. दहा होती.

हे शुद्धीवर आले आनि पयलं काय म्हनले तं, "कोनतं गेलं?"

"कोनतंच नाई."

"खोटं नको बोलू. मले झोंबून राह्यलं."

झोंबत होतं ते नारयाचं पानी डोयात गेलं होतं.

एवढं झाल्यावर हसावं आनि कामाले लागावं, पन तसं झालं नाई. हे मशीनजवय गेले का हात थरथर कापाचा. नुसता प्लग लावला तरी कापाचा. मंग त्यायनं हातानं वढाच्या लोखंड कापाच्या करवतीनं कापून पाह्यलं, तं पाटीची कोर तुटे आनि तांब्याची रेघ उखडून येये, पाटी वाया. तिकडून शेतकऱ्यायचे फोन. हरभरा घाट्यावर आला होता आनि रानडुकरं कळपानं येऊन राह्यले होते. पातूरकडचे एक काका तं म्हने, "भाऊ, मशीन देत नसशीन तं सांग. मी घरचा करंट सोडतो तारेत, होईन ते होईन." हे हो काका, करतो काका, असं नका करू काका म्हने आनि फोन ठेवून हाताकडं पाहात बसे.

मीच म्हनलं. "मी कापते."

"तू? तू मिक्सरले भेतं!"

"म्हनूनच."

त्यायले हे समजलं नाई, आनि मले सांगता आलं नाई तवा. आता सांगते. मले सैपाकघरात बसून ते आवाज आयकनं नाई होत. पोळी लाटताना कान तिकडंच, आवाज जरासक बदलला का वाटते, हे बोट गेलं का ते बोट. त्याच्यापेक्षा आपनच त्याच्यासमोर उभं राहावं. निदान दिसन तं.

नववीत माही शाया सुटली, पन घोकनं मले येते. प्लग काढून, पातं बंद, मी सराव म्हनून रोज नुसतीच पाटी ढकलाची. पुढं, सरय, न थांबता. ढकलाले बोटं नाई लावली, कपडे धुवाची मोगरी घेतली, तिची मूठ हातात, चपटं तोंड पाटीवर. पाटीबी तशीच नाई ठेवली, जुन्या प्लायवूडच्या तुकड्यावर टेपनं चिपकवली, म्हंजे हात प्लायवर दूर राहाते आनि पाटी थरथरत नाई. पातं एवढंसंच वर, पाटी आनि प्लाय पार होईन तेवढं. पात्याच्या सरय रेघेत उभं नाई राहाचं, बाजूनं. टेबलाची फट बारक्या प्लायनं बुजवली, म्हंजे बारका तुकडा आत नाई जानार. कपडे बाहेर वाळत असताना शेजारच्या बाया मले पाहात, मी मोगरी घेऊन बंद मशीनवर काहीच नसलेलं धुऊन राह्यली.

मंग खरोखरचा दिवस आला. केस बांधून फडक्यात घातले. ह्यायची अंगाबरोबरची टी-शर्ट घातली. चष्मा, मास्क. आनि बांगड्या काढाले लागली तं सासू आली.

"हे काय करतं वं?"

"आई, काही लटकलं नाई पायजे. त्या अमरावतीवाल्यानं सांगतलं."

"भरल्या घरात हात उघडे करतं? नवरा जित्ता असताना?"

"जित्ता राहावा म्हनूनच तं—"

"आनि गळ्यातलं?"

गळ्यातलंबी काढा लागनार होतं. वाकलं का ते पुढं लोंबते, पात्याच्या बरोबर वर. सासूले ते दिसलं. म्हंजे तिले समजत नव्हतं असं नाई, तिनं स्वताच हात लावून पाह्यलं कितीक लोंबते ते, आनि तिचंबी तोंड उतरलं. पन म्हने, "मंगळसूत्र काढून ठेवशील कुठं? खुट्टीले? डब्ब्यात? ते मान्साच्या अंगावर असा लागते वं. खुट्टीले लटकवलं म्हंजे काय अर्थ झाला त्याचा?"

"मंग तुमी घाला जरासक."

"मी! माह्या गळ्यात माह्या नवऱ्याचं हाये. लेकाच्या नावाचं मी घालू?" तिनं कानाले हात लावले.

आमी तिघंबी उभे. पोरगी तेवढी खाली बसून डब्बा वाजवत होती. मंग सासूनं ह्यायच्याकडं पाह्यलं. लय टायम पाह्यलं.

"कोनासाठी घालते ही हे?"

"काय?" हे म्हने.

"तुह्यासाठी घालते ना? तुह्या जिवासाठी? मंग तुह्याच अंगावर राहू दे. तूच सांभाळ."

"आई, मी मानूस हावो!"

"मान्सालेच सांगून राह्यली. का दगडाले सांगून राह्यली?"

ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी चष्म्यातून वर पाह्यलं, टिनाकडं. मले हसूबी येत होतं आनि भेवबी लागत होतं.

तं असं झालं का मंगळसूत्र ह्यायच्या गळ्यात, आनि हिरव्या काचेच्या बांगड्या सासूनं खोबरेल तेल लावून, पंजा दाबून दाबून ह्यायच्या हातात घातल्या, कासारनीपेक्षा चांगल्या. "आय, आय, आय," हे म्हने. "पोरी नाई वरडत एवढ्या," सासू म्हने. मंग पोरीले ह्यायच्या मांडीवर देलं, दोघंबी सासूसंग आतल्या खोलीत, मधातल्या दाराले खाट आडवी लावली भुकटीपाई, वरून चादर. मी टिनाखाली एकटी.

बटन दाबलं.

आवाज असा का दातात जाते. मी मोगरी धरली. पयली रेघ. हिरव्या पाटीतून पांढरी भुकटी निंगाली, हयदीसारखी बारीक, आनि पाटी दोन झाली. सरय. कोर साफ. मी श्वास सोडला तं चष्मा धुकटला, मंग बटन बंद, हात खाली, पातं थांबू देल्लं, चष्मा पुसला. दुसरी रेघ. तिसरी. मनात मी काही देवाचं नाव नाई घेतलं, नुसतं म्हनून राह्यली होती: बाजूनं, बाजूनं, सरय, सरय.

शेवटच्या रेघेच्या मधात असताना अंगनात फटफटी थांबली. पातूरकडचे काका. ते आले मांगच्या दारानं, एवढं मले समजलं, मंग त्यायचा आवाज, "भाऊ, मशी—" आनि पुढचं तोंडातच राह्यलं.

"काका, बसा," हे म्हने.

"हे काय होय भाऊ?"

"सेफ्टी होय काका."

आनि तेवढ्यात पोरगी किंचायली. अशी का आतून कोनी फाडलं. तिच्यामांगून ह्यायचा आवाज, घोगरा, गयात अडकेल. आनि सासू, "सोड! सोड वं माय!"

पाटी अर्धी कापेल होती. पातं मधात.

आई असल्यावर मान आपोआप फिरते, ते कोनाले सांगा लागत नाई, फिरतेच. माही मान फिरून राह्यली होती, मले मानेतून समजत होतं. मी दात खाल्ले. डोये त्या रेघेवर असे रोवले का पानी आलं. ढकललं. न थांबता. पोरगी रडून राह्यली आनि मी पाटी कापून राह्यली, असली कशी आई ही, हे मी स्वतालेच म्हनलं, आनि ढकललं. पाटी दोन झाली. बटन बंद. हात खाली.

आनि मंग थांबनं. पातं फिरत राह्यलं, फिरत राह्यलं. कापन्यापेक्षा हे थांबनं वाईट. मले दाते दिसेना. दिसेना. मंग दिसले.

खाट सारून आत पाह्यलं तं पोरीनं बापाच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोन्ही मुठीत धरलं होतं आनि मांगं झोकून देल्लं होतं, काळे मनी ह्यायच्या मानीत रुतेल, तोंड वांग्यासारखं. काकायनं पोरीच्या कमरेले धरलं होतं, त्यायले वाटलं तिले वढून काढावं, तं जेवढं वढे तेवढं ह्यायले लागे. आनि पोरगी रडत होती काहून का तिची मजा कोनीतरी सोडवून राह्यलं होतं.

"तोडा ना ते!" हे म्हने.

"तोडू नको!" सासू वरडली. "मंगळसूत्र नाई तोडाचं!"

"आई, मी मरून राह्यलो!"

"तू मरू नये म्हनूनच तं ते हाये!"

मी पुढं धावली आनि थांबली. माह्या अंगावर काचेची भुकटी. हातावर, शर्टावर, भुवयावर. लेकराले कसा हात लावू? पोरगी मले पाहून आनखी रडली, तिले काय माहीत हे कोन आलं, चष्म्यावालं, तोंड बांधेल, हातात मोगरी.

"काका!" मी मास्कातून म्हनलं. "वढू नका! पायाच्या तयव्याले गुदगुल्या करा!"

"मी?"

"तुमीच! माहे हात खराब हायेत!"

काका भल्या वयाचे, डोक्यावर टोपी, पांढऱ्या मिशा. त्यायनं एक बोट काढलं आनि लाजत लाजत पोरीच्या तयव्यावर फिरवलं. पोरगी हसली. मुठी सुटल्या. हे खाली झुकून खोकले, बांगड्या खळखळ वाजल्या.

काका म्हने, "तुकडोजी महाराजाच्या मोझरीले जाऊन आलो, इथंतिथं फिरलो, पन असं नाई पाह्यलं बाप्पा."

मी बाहेर अंगनात जाऊन टी-शर्ट झटकली नाई, वल्लं करूनच उतरवली, डोक्यावरून पानी घेतलं, हातपाय तोंड धुतलं, साडी गुंडायली आनि मंगच पोरीले घेतलं. घेतलं आनि तिथंच खाली बसली. पोरगी आपली माह्या वल्ल्या केसाले वढून राह्यली होती.

मंगळसूत्र सासूनं माह्या गळ्यात परत घातलं. बांगड्या मातर निंगेना. तेल लावलं, साबन लावलं, पंजा लाल झाला, सुजला, आनि सुजला म्हनून आनखीच निंगेना. काका म्हने, "फोडा ना, काचेच्या तं हायेत." सासूनं असं पाह्यलं त्यायच्याकडं का ते म्हने, "नाई नाई मावशी, राहू द्या, राहू द्या."

टायम कुठं होता. ह्यायनं तशाच हातानं पाटीवर सामान बसवलं, कथलाचे डाग देल्ले, डाग द्यावा का बांगडी वाजे. डब्बा बंद झाला. काकाच्या शेतात लावून देनं होतं, म्हनून ह्यायनं थंडी नसताना पूर्‍या बाहीचं स्वेटर घातलं.

"बाकीच्या पाट्या?" जाताना त्यायनं मले इचारलं. हळूच, सासूले आयकू जाऊ नये असं.

मी माह्या हाताकडं पाह्यलं. उघडे होते. आनि सासू काही म्हनून राह्यली नव्हती, बांगड्या तिच्या हिशोबानं घरच्याच अंगावर होत्या, कायदा तुटत नव्हता.

"गळ्यातलं परत काढा लागन," मी म्हनलं. "पन ते आज नाई. तुमी आल्यावर. पोरीले पयले झोपवू."

हे हो म्हने. काकाची फटफटी ह्यायनंच घेतली, काका मांगं बसले. मी ओल्या फडक्यानं टेबल पुसत होती, कोपऱ्याकोपऱ्यातून, भुकटी वल्ली करून करून. ह्यायनं किक मारली. एकदा. दोनदा. दर किकले स्वेटरातून बांगड्या वाजल्या, आनि मांगं बसेल काकायनं तोंड दुसऱ्या बाजूनं केलं, रस्त्याकडं, जसं त्यायले काही आयकूच आलं नाई.